वर कोणी नाही

यंदाचा नसण्याचा दिवस वहिनीच्या वाट्याला आला, आणि तो आप्पांनी नाही, विमा कंपनीनं दिला. त्यामुळे घरात कुणाला कुणावर रागावायची सोयच उरली नाही.

सकाळी कारखान्याच्या कचेरीत सगळे जमले होते. आप्पा, म्हणजे वहिनीचे सासरे, नेहमीच्या जागी काठीवर दोन्ही हात ठेवून बसलेले. त्यांच्या एका बाजूला ताई, त्यांची थोरली मुलगी, जिचा माणसांपेक्षा पॅकिंगच्या खोक्यांवर जास्त विश्वास. दुसऱ्या बाजूला धाकटा, वहिनीचा दीर, हातातलं पेन उगाच उघडझाप करत होता. मधल्याची खुर्ची भिंतीला लावून ठेवलेली होती. मधला म्हणजे वहिनीचा नवरा. त्याला जाऊन बरीच वर्षं झाली, पण ती खुर्ची काढा असं कुणी म्हटलं नव्हतं आणि तिच्यावर कुणी बसतही नव्हतं. विमा कंपनीच्या सर्व्हेअर बाई आल्या आणि सरळ तीच खुर्ची ओढून बसल्या. ताईनं तोंड उघडलं, आप्पांकडे पाहिलं आणि परत मिटलं.

"तुमच्याकडे विमाही आहे आणि संकटकाळची योजनाही आहे," बाई म्हणाल्या. "पण दोघांची तोंडं दोन दिशांना आहेत."

"म्हणजे कसं?" धाकट्यानं विचारलं.

"तुमची योजना म्हणते, भट्टी विझली तर ती परत पेटून चांगली काच यायला वर्ष लागेल. तुमची पॉलिसी बुडालेल्या नफ्याची भरपाई देते सहा महिने. पुढचे सहा महिने काय खाणार?"

"हवा," धाकटा म्हणाला. कुणी हसलं नाही.

"योजना म्हणते, तोवर साचे पलीकडच्या कारखान्यात नेऊ आणि तिथून कुप्या करून घेऊ. पॉलिसीला ती जागा माहीतच नाही. तिथं साचे जळाले तर तुम्हाला कुणी विचारणार नाही. अहो, विमा नुकसान भरून देतो, काम चालवत नाही. काम योजना चालवते, पण तिच्या पोटाला विम्यानं घालावं लागतं. दोघांची मोट बांधल्याशिवाय आमची कंपनी सही करणार नाही."

सही नाही तर औषध कंपनीचं काम नाही, हे त्या खोलीत सगळ्यांना ठाऊक होतं. कारखान्यात औषधाच्या कुप्या होत. घेणारे बारीकसारीक पुष्कळ होते, पण पोट भरणारं गिऱ्हाईक ते एकच. आणि त्यानं कळवलं होतं की ज्याचा विमा आणि योजना एकमेकांना धरून नाहीत त्याच्याकडून आम्ही माल उचलणार नाही.

"पॉलिसी आम्ही दुरुस्त करून घेऊ," आप्पा म्हणाले. "आणखी काय?"

बाईंनी चष्मा काढून पुसला. "मुख्य माणसाच्या विम्यात ह्यांचं नाव आहे." त्यांनी वहिनीकडे पाहिलं. "भट्टी ह्या बघतात. ह्या नसतील तर काय होईल, ते मला कागदावर नको, समोर दाखवा. तुमच्यात ती पद्धतच आहे ना, एकाला दिवसभर नाही असं धरायची? फार छान पद्धत आहे, मी आमच्या ऑफिसात सांगते सगळ्यांना. पण ह्या त्या वरच्या खोलीत कधी बसलेल्याच दिसत नाहीत."

"ती बसत नाही," ताई म्हणाली.

"का?"

धाकट्याच्या पेनाचा आवाज थांबला.

"बसेल," आप्पा म्हणाले. मग वहिनीकडे न बघता विचारलं, "बसशील ना?"

नाही म्हणायचं वहिनीच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण तिनं ह्या भट्टीवर तारुण्य घातलं होतं, रात्री-अपरात्री उठून हिच्या ज्वाळेचा रंग पाहिला होता. तो सगळा खटाटोप एका खुर्चीत बसायच्या भीतीपायी बुडवायचा? "बसते," ती म्हणाली.

*

नसण्याचा दिवस काढला तो आप्पांच्या वडिलांनी. थोरले मालक म्हणत त्यांना. एकदा ते तापानं फणफणले आणि इकडे भट्टी विझली, कारण कुठला व्हॉल्व्ह कधी फिरवायचा हे त्यांच्याखेरीज कुणालाच ठाऊक नव्हतं. थंड झालेल्या काचेनं भट्टी आतून फोडली. बरे झाल्यावर थोरल्या मालकांनी फर्मान काढलं की वर्षातून एकदा घरातल्या एकानं दिवसभर नसायचं. त्यानं भट्टीच्या वरच्या काचेच्या खोलीत बसून बघत राहायचं, आणि खाली बाकीच्यांनी तो मेला असं धरून काम रेटायचं. त्याच्याशी बोलायचं नाही, त्याचं नाव घ्यायचं नाही, आणि मुख्य म्हणजे वर बघायचं नाही. पहिल्या वर्षी ते स्वतःच वर बसले, आणि दोनदा न राहवून ओरडत खाली आले. तेव्हापासून त्या दाराला बाहेरून कडी आहे.

विमा-बिमा शब्द घरात यायच्या कितीतरी आधी ह्या कुटुंबानं असा स्वतःचाच विमा उतरवला होता. मुलांना तर तो खेळच वाटायचा. वर बसलेल्या काकानं काचेवर टिचक्या माराव्यात, वेडीवाकडी तोंडं करावीत, आणि खाली पोरांनी ढिम्म हलू नये. जो वर बघेल तो गाढव. जो हसेल तो महागाढव. मधला त्या खेळात कधी हरला नाही, हे सांगताना आप्पांचा आवाज अजून वेगळा होई.

आणि मधला गेला तोही नसण्याच्या दिवशीच. त्या दिवशी वहिनी नमुन्याची खोकी घेऊन गिऱ्हाइकाकडे गेली होती. संध्याकाळी परत आली तेव्हा त्याला खाली आणून निजवलेलं होतं. झोपेतच गेला, ताई म्हणाली. छातीतून गेला, आवाजसुद्धा केला नाही. खालचं काम एक क्षणही थांबलं नव्हतं. नंतर त्याच्या विम्याचे पैसे आले आणि त्यातून भट्टीची नवी भिंत बांधली गेली. आप्पा पाहुण्यांना ती भिंत दाखवत आणि योजना म्हणजे काय ते समजावून सांगत. वहिनी अशा वेळी काहीतरी काम काढून निघून जाई.

एक गोष्ट मात्र कारखान्यात नव्यानं येणाऱ्याला सांगावी लागे. अधूनमधून वरच्या खोलीकडून ठकठक ऐकू येते. काच तापते, निवते, तेव्हा वाजते. लक्ष द्यायचं नाही, वर बघायचं नाही. नवा माणूस पहिल्यांदा मान वर करी, बाकीचे आपापलं काम करत राहत, आणि आठवडाभरात तोही शहाणा होई.

*

लोखंडी जिन्यावरून आप्पा पुढे आणि वहिनी मागे चढले. आप्पांनी तिचा मोबाइल घेऊन खिशात टाकला. रीतच होती ती. खोलीत टेबल, खुर्ची, पाण्याचा तांब्या आणि एक जुना स्पीकर होता. खालचं सगळं बोलणं त्यातून वर ऐकू यायचं. वरचं खाली जायची सोय थोरल्या मालकांनी वायर कापून कायमची संपवली होती.

"दुपारपर्यंतच आहे," आप्पा म्हणाले. "बाईंना तेवढंच बघायचंय."

"आप्पा, तो ह्याच खुर्चीत होता का?"

आप्पांनी खुर्चीकडे पाहिलं नाही. "खुर्ची बदललीय," ते म्हणाले आणि बाहेर गेले. कडी लागल्याचा आवाज आला. मग जिना उतरणारी काठी बराच वेळ ऐकू येत राहिली.

वहिनी काचेपाशी उभी राहिली. समोरची सगळी भिंत एका अखंड काचेची होती, लोखंडी चौकटीत बसवलेली, आणि ती चौकट छताच्या तुळयांना जोडलेली. काचेच्या खालच्या कोपऱ्यात एक बारीक तडा होता, मधे ठिपका आणि भोवती रेषा. तो खालूनही दिसायचा. उष्णतेनं गेलेला तडा आहे असं सगळे म्हणत. इतका खाली, फरशीच्या जवळ, उष्णता कशी लागली असेल, असा एक विचार तिच्या मनात आला आणि गेला.

खाली तमाशा सुरू झाला. धाकट्यानं मोठ्यानं जाहीर केलं, "बाहेरची वीज गेली असं धरायचं. आणि वहिनी नाही." मग दिवे विझले, जनरेटर घरघरला, दिवे परत आले. भट्टीचे मोठे ब्लोअर एकामागून एक सुरू झाले. पॅकिंगच्या बायका योजनेप्रमाणे खोकी घेऊन भट्टीमागच्या मोकळ्या जागेत गेल्या, कारण पुढचं पॅकिंग जळालं असं आज धरायचं होतं. त्यांनी रिकाम्या पुठ्ठ्यांची थप्पी भट्टीच्या मागच्या कोपऱ्याला लावली आणि तिला पाठ टेकून कामाला बसल्या. ताईनं खुंटीवरचा वहिनीचा एप्रन काढून अंगात घातला. तो तिला थोडा तोकडा होता.

आप्पांच्या खिशातला वहिनीचा फोन वाजला आणि त्यांनी तो ताईकडे दिला. ताईनं तो उचलला. "हो, बोला," ती म्हणाली, आणि पुढं थेट वहिनीच्याच सुरात, तिच्यासारखाच शेवटचा शब्द ओढत, "माल गुरुवारीच निघेल, काळजीच करू नका." पलीकडच्या माणसाला काही फरक कळला नसावा. त्यानं ताईलाच वहिनी समजून घरच्यांची खुशाली विचारली, आणि ताईनं ती सांगितलीसुद्धा.

वहिनीच्या अंगावर काटा आला. खाली कुणीही तिची उणीव भासल्यासारखं वागत नव्हतं. ज्वाळेचा रंग बघायला धाकटा गेला आणि त्याला तो बरोबर कळला. मुकादमानं साच्याचं तेल वेळेवर बदलून घेतलं. तिला आनंद व्हायला हवा होता, निदान सही मिळणार म्हणून तरी. पण तिला वाटत होतं ते दुःखच होतं, साधं, पोरकटसुद्धा. आपण नाही आणि कुणाचं काही अडत नाही, हे बघायला माणसाला जिवंत ठेवू नये, असं तिच्या मनात आलं. मधल्यानं शेवटी बघितलं ते हेच.

"चांगलं चाललंय," स्पीकरमधून सर्व्हेअर बाईंचा आवाज आला.

"आमच्याकडे कुणावाचून अडत नाही," आप्पा म्हणाले.

वहिनी खुर्चीत बसली. परत उठली. आणि उठताना तिला दिसलं.

भट्टीच्या मागच्या कोपऱ्यात, पुठ्ठ्यांच्या थप्पीमागे, विटांवर एक लाल डाग होता. खालून तो कुणालाच दिसणं शक्य नव्हतं, मधे थप्पी होती. ती बघत असतानाच तो लालचा नारिंगी झाला.

मागचा छोटा पंखा. तो बंद होता.

त्या कोपऱ्यातली भिंत पातळ झाली होती, तीच ती मधल्याच्या विम्यातून बांधलेली. वहिनीनं मागच्या वर्षी तिच्यावर वारा मारायला एक वेगळा पंखा बसवून घेतला होता. वीज जाऊन आली की बाकीचे ब्लोअर आपोआप सुरू होत, हा एक हातानं सुरू करावा लागे. दरवेळी तो तीच करी, येताजाता, कुणाला न सांगता. योजनेत तिनं तो घातला नव्हता. विसरली होती म्हणावं तर तसंही नाही. एवढी एक गोष्ट आपल्यावाचून होत नाही, हे तिला आवडायचं.

भिंत फुटली तर वितळलेली काच सरळ त्या पुठ्ठ्यांवर येणार होती, आणि पुठ्ठ्यांना पाठी टेकून बायका बसल्या होत्या. त्यांच्यामधे ताई उभी राहून खोकी मोजत होती.

वहिनीनं काचेवर मूठ आपटली.

आवाज तिच्या अपेक्षेपेक्षा मोठा झाला. तो तुळयांवरून सगळ्या छताला फिरून आला, आणि तिला तो ओळखीचा वाटला. खाली उभं राहून इतकी वर्षं तिनं हाच तर ऐकला होता. पण काच तापण्यानं एवढा आवाज व्हायचा नाही, हे तिला त्या क्षणी कळलं. खाली ताईचे खांदे वर उचलले गेले. धाकट्याची मान ताठ झाली. मुकादमाचा हात साच्यावर थबकला आणि पुन्हा चालू लागला. सगळ्यांनी ऐकलं होतं. एकानंही वर बघितलं नाही.

"ताई!" ती ओरडली. "मागं बघा! ताई, मागं आग आहे!" तिनं दोन्ही हातांनी काच बडवली. खुर्ची उचलून आपटली, तर खुर्चीचाच पाय निखळला. दाराला खांदा दिला, कडी हलली नाही. परत काचेकडे धावताना तांब्याला पाय अडखळून ती गुडघ्यांवर पडली, आणि तशीच, फरशीपाशी, काचेवर बुक्क्या मारत राहिली. तिच्या मुठीखाली तो तडा होता. गुडघ्यांवर आलेल्या माणसाचा हात बरोबर तिथंच पोचत होता.

तिची मूठ हवेतच राहिली.

स्पीकरमधून सर्व्हेअर बाई म्हणाल्या, "अहो, वर कुणीतरी ठोकतंय."

"वर कोणी नाही," आप्पा म्हणाले.

"नाही कसं? ऐकू येतंय ना."

"काच आहे. निवते, वाजते," ताई म्हणाली. तिचा आवाज अगदी सपाट होता.

"तुम्ही तरी ऐका ना," बाई धाकट्याला म्हणाल्या. धाकटा ओठ घट्ट मिटून ज्वाळेकडे बघत राहिला.

आणि मग बाईंनी मान वर केली. त्या घरच्या नव्हत्या, त्यांना लहानपणी कुणी गाढव म्हटलं नव्हतं. काचेमागे, फरशीवर गुडघे टेकून बसलेली वहिनी त्यांना दिसली. वहिनीनं काही न बोलता मागच्या कोपऱ्याकडे बोट केलं आणि हात तसाच धरून ठेवला.

बाई पुठ्ठ्यांना वळसा घालून गेल्या. दुसऱ्याच क्षणी त्यांची किंकाळी स्पीकरमधून आली आणि काचेतूनही आली.

*

कुणाला इजा झाली नाही. बायका बाहेर पळाल्या, धाकट्यानं थप्पी लाथेनं उडवली आणि मुकादमानं पंखा शोधून सुरू केला. पांढरट होऊ लागलेला डाग हळूहळू नारिंगी झाला, लाल झाला, काळा पडला. एक बोटभर काच बाहेर येऊन ओघळासारखी थिजली होती, तेवढीच.

कडी काढली ती ताईनं. मागे धाकटा, आणि सर्वांत शेवटी, एकेका पायरीवर थांबत, आप्पा. वहिनी अजून खालीच बसली होती. तिच्या मुठी सुजल्या होत्या.

"वहिनी, ऊठ," ताई म्हणाली. "तुझ्यामुळे वाचलो गं. ऊठ, चल खाली."

"तुम्हाला ऐकू येत होतं."

"अगं, नियमच तो. आम्हाला काय माहीत की खरंच..."

"ताई, तुम्हाला ऐकू येत होतं," वहिनी म्हणाली. तिनं तड्यावर बोट ठेवलं. "तो किती वेळ ठोकत होता?"

ताई आप्पांकडे वळली. आजवर अडचणीच्या प्रत्येक वेळी ती तशी वळत आली होती, आणि आप्पा काहीतरी बोलून प्रसंग निभावून नेत आले होते. आज आप्पा नुसते दाराच्या चौकटीला धरून उभे होते.

"तुम्ही सांगितलंत झोपेत गेला," वहिनी म्हणाली. "आवाज केला नाही म्हणालात."

"आम्हाला वाटलं तो हसवतोय," धाकटा म्हणाला.

सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा वेडावाकडा झाला होता. "लहानपणी करायचा ना तसं. आधी हळू ठोकलं, मग जोरात. मला वाटलं, आज मला हरवायचंच ठरवलंय त्यानं. मी हसू दाबत होतो, वहिनी. इतकं दाबत होतो की माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मग तो थांबला. मला वाटलं, जिंकलो."

"गप रे," ताई म्हणाली, आणि मग तिलाच हुंदका आला. "मलाही वाटलं ना तसंच. सगळ्यांनाच वाटलं."

"मला नाही वाटलं," आप्पा म्हणाले.

ते बोलले अगदी हळू. "मला त्याचं ठोकणं माहीत होतं. खेळताना तो तीनदा ठोकायचा, थांबायचा, मग तीनदा. त्या दिवशी थांबत नव्हता. मला कळलं. पण त्या दिवशीही विमा कंपनीचा माणूस आला होता. माझ्याशेजारी उभा होता. मी म्हटलं, आत्ता वर बघितलं तर सगळं फसेल. जेवणाच्या सुट्टीत जाऊन बघतो म्हटलं."

वहिनीला वाटलं होतं आपण किंचाळू, ह्या म्हाताऱ्याला धरून गदागदा हलवू. पण तिला फक्त थंडी वाजत होती, भट्टीच्या डोक्यावर बसून. इतकी वर्षं ती खाली उभी राहून ठकठक ऐकत होती आणि नव्या माणसांना सांगत होती की काच आहे, लक्ष देऊ नका.

ती उठली. कुणाचा हात धरला नाही. खाली जाऊन हत्यारांच्या पेटीतून स्क्रूड्रायव्हर आणला आणि दाराची कडी काढायला बसली. स्क्रू गंजले होते, तिच्या सुजलेल्या हातांना ते वळेनात. धाकटा पुढे झाला, तिनं त्याला थांबवलं नाही. दोघांनी मिळून ती काढली.

सगळे खाली उतरले तेव्हा सर्व्हेअर बाई भट्टीपाशी उभ्या होत्या; जिन्यात थांबून त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्यांचा रंग अजून परतला नव्हता. "सही करता येईल," त्या म्हणाल्या. "ती भिंत बदला आणि पंखा योजनेत घाला. आणि मी एक कलम घालणार आहे, आमच्या साहेबांना हसायचं तर हसू दे. आवाज आला तर बघायचं. कुणाचाही असो." मग जरा थांबून त्यांनी विचारलं, "ह्यांच्या यजमानांच्या वेळी आमचा कोण माणूस आला होता, नाव आठवतं का कुणाला?"

कुणाला आठवत नव्हतं. बाईंनी मान हलवली आणि त्या बॅग आवरू लागल्या.

सगळे तिथंच घुटमळले होते. ताई एप्रन काढून वहिनीला देत होती आणि वहिनी तो घेत नव्हती. वरची खोली रिकामी होती. तिचं दार सताड उघडं होतं, कडीच्या जागी चार भोकं राहिली होती.

तेव्हा वरून आवाज आला. ठक, ठक, ठक. क्षणभर थांबून परत तीन.

ताईचे खांदे वर उचलले गेले. धाकट्याची मान ताठ झाली. "काच निवतेय," ताई पुटपुटली, पण वाक्य तिच्याच्यानं पुरं झालं नाही.

आवाज चालू राहिला. आता तो थांबत नव्हता.

वहिनी आप्पांच्या चेहऱ्याकडे बघत होती. त्यांची हनुवटी थरथरत वर आली. मान त्या दिशेला वळायचंच विसरली होती, तरी ती वळली. त्यांनी वर काय बघितलं ते तिला दिसलं नाही. त्यांचे डोळे तेवढे भरून आलेले दिसले.

"आलो रे," आप्पा म्हणाले, आणि काठी तिथंच टाकून जिन्याकडे निघाले.